हीटर तेवढा ठेव

जहरा.
पत्त्यात हे नाव वाचून आई दचकली होती.
जहर काय रे, म्हणाली, दुसरं गाव नाही मिळालं?
म्हटलं, इकडे त्याचा अर्थ वेगळा असेल.
कुणाला विचारलेला मात्र नाही,
बारा वर्षं झाली.

ऑगस्ट. उन्हात राहिलेला पाना
फडक्याशिवाय उचलवत नाही.
अशा दुपारी अबू दुऐज आला,
सत्त्याऐंशी सालचं जीएमसी वानेत घेऊन.
एक दार हिरवं, बाकी अंग वाळूच्या रंगाचं,
पट्टा असा किंचाळत होता
की गल्लीतली कुत्री सावली सोडून उठली.

एसी सगळा काढून टाक, म्हणाला.
हीटर तेवढा ठेव.

सुकुमारन हसला.
गुलझमानने रेडिओ बारीक केला.
मी माझ्या मोडक्या अरबीत पुन्हा विचारलं,
बाबा, उलटं तर नाही ना म्हणायचं तुम्हाला?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मुकादम नव्या पोराकडे पाहतो.

मग काय, काढला.
गॅस केव्हाच उडून गेलेला.
कॉम्प्रेसर जाम, दगडासारखा,
दोघांनी उचलला आणि भिंतीशी टाकला.
रेडिएटरपुढची जाळी, तिच्यात टोळांचे पंख.
ड्रायर, नळ्या, वायरींचं जावळ.
आखूड पट्टा भंगारातून शोधला,
चौथा बसला.

खरी मेख पेटीत.
गारवा आणि ऊब एकाच पेटीत राहतात,
मध्ये एक झडप, तळहाताएवढी.
एकाला उपटताना दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही,
हे मला कुणी शिकवलं नाही;
सहा जणांच्या खोलीत राहिलं की येतं.

इंजिनाकडून येणाऱ्या दोन नळ्या तशाच ठेवल्या.
पंखा ठेवला. झडपेची तार ठेवली.
उघड्या पडलेल्या भोकावर पत्रा कापून बसवला,
कडेने सील भरलं, बोटाने दाबत दाबत.

आणि पंख्याच्या तळाशी सापडलं ते:
सातूची टरफलं,
आणि लोकर. मोठ्या मेंढीची नव्हे,
बारीक, कुरळी, अजून जग न पाहिलेली.

तेव्हा कळलं.
जानेवारीत इथलं वाळवंट दात वाजवतं.
रात्री व्यालेली कोकरं हा म्हातारा
डाव्या हाताने स्टिअरिंग धरून
उजवीकडे पायाशी ठेवत असणार,
जिथे फुंकर येते.

आमच्याकडे उकाड्याला किती शब्द.
काहिली, झळ, धग, तलखी, घामाच्या धारा.
ऊब मात्र एकच,
तीही गोधडीत नाहीतर माणसाच्या कुशीत.
इंजिनात ती फुकट तयार होते.
गारव्यालाच डिझेल, पैसा, पट्टा लागतो,
ही तर नुसती वाया जात असते,
कुणीतरी दोन नळ्या जोडायची खोटी.

हीटर तपासायला हवा होता.
बाहेर अठ्ठेचाळीस. काचा वर.
मी आणि अबू दुऐज शेजारी शेजारी,
खटका शेवटपर्यंत ओढलेला.
बाहेरून सुकुमारन काचेला नाक लावून बघतोय,
वेड्यांची जत्रा भरल्यासारखा.
माझ्या पापण्यांवरून घाम थेंब थेंब.
म्हाताऱ्याने वाकून पायाशी हात नेला,
तळवा फुंकरीसमोर धरला,
उलटा केला, पालथा केला,
आणि बराच वेळ तसाच राहिला.

झेन, म्हणाला. म्हणजे छान.

गाडी द्यायच्या आधी
उजव्या बाजूला पायाशी
तांदळाचं एक धुतलेलं गोणपाट
चौपदरी घडी घालून मी ठेवून दिलं होतं.
त्याने ते पाहिलं. काही बोलला नाही.
टोकाने जरा सरळ केलं.

पैसे देताना मात्र
दोन दिनार कमीच दिले.