पेवात कंदील

रुवैसला ऑगस्टात रात्री एक वाजताही
रेलिंगला हात लावला तर पोळतो,
आणि हातभर पलीकडे, भरणीच्या नळीवर
पांढराशुभ्र बर्फ धरलाय.
रॉडेल नखानं त्यात मुलीचं नाव कोरतो.
मी ओरडतो, बोटं जातील, ग्लोव्ह घाल.
तो घालतो. नाव अर्धंच राहतं.

माल: कार्बन डायऑक्साइड, द्रवरूप.
तापमान उणे अठ्ठेचाळीस, दाब सात.
दाब पाचाच्या घरात घसरला
तर निम्मा उडतो, उरलेला नळीतच थिजतो,
मग हातोडीनंही हलत नाही.
रात्रभर एका काट्याकडे बघत बसणं,
याचा मला पगार मिळतो.

याच धक्क्यावरून बारा वर्षं गॅस पाठवला.
तेव्हा घेणारे फोनवर फोन करायचे.
हा माल कुणाला नको आहे.
पैसे मोजून सांगतात, घेऊन जा.
कागदावर ‘मालक’ या रकान्यात काय लिहायचं
यावर दुपारी दोन तास बैठक झाली.
सुहैल वैतागून म्हणाला, चिमणीचं नाव लिहा.
हसलो सगळे.
मग तेच लिहिलं.

जाणार कुठं?
तेल उपसून पोकळ झालेल्या खडकात,
समुद्राच्या तळाखाली, कोसभर खोल.
सुहैल पडद्यावर थर दाखवत होता,
मला हरिपूर दिसत होतं.

आमच्याकडे हळद जमिनीत ठेवत.
पेवाचं तोंड माणूस उतरेल एवढंच,
आत खोलीएवढा अंधार, कडेनं उसाचा पाला.
वर्षानुवर्षं कीड लागत नसे,
किडीला श्वासच मिळत नसे.
पेव उघडलं की भिवा आरगे
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर म्हणायचा,
‘अजून झोपलंय ते. चहा प्या.’

एका वैशाखात व्यापाऱ्याला घाई होती,
लॉरी उभी होती.
भिवाचा धाकटा भाऊ उतरला, कंदिलाआधी.
वर काढला तेव्हा अंगभर पिवळा,
नवरदेवासारखा.

दोन नंबरची टाकी. रॉडेल, हळू.
सहा पॉइंट चार.
सहा.
पाच पॉइंट आठ.
कुणी बोलत नाही.
सहा पॉइंट एक.
सहा पॉइंट सहा.
बोला आता.

माझ्या छातीवर कंदील आहे, काडेपेटीएवढा.
वायू वाढला की हा विझत नाही, बोंबलतो.
पण तिकडे खाली, मी नसताना,
रॉडेलची मुलगीही नसताना,
कुणाची लॉरी उभी राहिली तर?
सुहैल म्हणतो, सेन्सर आहेत.
असतील.

पहाटे जहाज सुटतं. आखात तव्यासारखं सपाट.
नळीवरचं अर्धं नाव ठिबकून गेलंय.
दोरी किती लागेल,
याचा हिशोब मी पावतीच्या मागे मांडत बसलोय.
तीन वेळा चुकलाय.
रॉडेल चहा आणतो.