मदाचा कोट

मंडईच्या दंडारीत षड्रिपू आणायचे ठरले
आणि मापाची वही माझ्याकडे आली.
क्रोध हिवराज कापगतेनं हसत घेतला.
लोभासाठी दोघं भांडले.
मत्सर स्वतः दुकानात आला, छाती मोजून घेतली
आणि लोभाला किती कापड लागलं ते विचारून गेला.
काम कोणाला द्यायचा, यावर पारावर
बराच वेळ नुसतं खाकरणं झालं.
गुरुजींनी सातवा आळसही सुचवला,
पण तो घेतलेला गडी तालमीला फिरकलाच नाही.

मदाला मात्र माणूस मिळेना.
"माह्यात नाही बा थो," पोलीस पाटील म्हणाले.
"माझ्यात तर नखभरही नाही," गुरुजी म्हणाले,
आणि नखभर दाखवताना बोट असं धरलं
की अंगठीतला खडा सगळ्यांना दिसावा.

शेवटी ठरलं, टेलर, तू कोट तर शिव,
माणूस सापडंल.

बांधीत धान पिवळं पडत होतं.
मी कोणाचंच माप न घेता कापड कापलं.
तुमसरहून आणलेली जांभळी मखमल,
उलटा हात फिरवला की रंग बदलणारी.
कॉलर उभी, आत दुहेरी बकरम,
मान वळू नये, वाकू तर नयेच.
पुढे अकरा काजं. हाताची.

काज म्हणजे काय ते सांगतो :
कापडाला जाणूनबुजून केलेली जखम,
आणि तिचे काठ असे बांधायचे
की जन्मभर उसवू नये.
माझ्या काजांचं पंचक्रोशीत नाव आहे.
नवरदेव बटण उघडून दाखवतात.

तिसऱ्या रात्री लाइट गेली होती.
चिमणी लावून मी कोट अंगात चढवला,
फक्त झोल बघायला.
खांद्यात बसला. बाहीत बसला.
पाठीत तर असा बसला
की आतला आधीपासून तिथंच होता,
मी वरून मखमल लावली एवढंच.

त्याला मिशा नव्हत्या. गडगडाटी हसणं नव्हतं.
आरशात माझी हनुवटी
दोन बोटं वर सरकली,
आणि माझ्याच आवाजात तो म्हणाला,
"या गावात सगळे उसवलेले, टेलर.
तू एकटा शिवलेला."
मी म्हटलं, "हो."

मागे अंधारात कौतिका बसली होती,
मांडीवर गुरुजींचा सदरा.
सुई दिसत नव्हती, हात चालत होता.
एकवीस वर्षं काजं तीच करते.
मी खडूनं खूण करतो.
खरं म्हणजे खूणही आता तीच करते.
"गजब बसला जी," ती म्हणाली,
"कोनाच्या मापाचा हाय?"
आणि दोरा दातानं तोडला.

मंडईत मीच मद झालो.
माझ्या एन्ट्रीला शिट्ट्या पडल्या.
साकोलीच्या पाहुण्यांनी मध्येच माइक मागितला :
"कोटाच्या काजांसाठी एकावन्न रुपये!"
अख्खा मंडप माझ्याकडे वळला.
बायकांच्या बाजूला, ताडपत्रीच्या कडेला,
कौतिका. पदराचं टोक दातात.

एक हात तिच्या दिशेनं करायचा होता,
बाकी काही नाही.
कॉलर वळेना.
अख्खं अंग वळवता आलं असतं, तेही खरं.
ढोलकीवाला माझ्याकडे बघत थांबला होता.
मी पैसे घेतले, कपाळाला लावले
आणि पुढचं वाक्य म्हटलं.

पहाटे कोट खुंटीला अडकवला
तरी त्याचे खांदे खाली येईनात.
ती चुलीपाशी होती.
पन्नासची नोट आणि वरचा रुपया
मी तिच्यापुढे ठेवला.
"असू द्या," ती म्हणाली, "मीठ आनाचं हाय."

राख सावरणाऱ्या तिच्या बोटांवर
सुईचे बारीक काळे ठिपके होते.
मी मोजायला लागलो.
अकरापर्यंत आलो.
पुढेही होते.