ओळ चौदा

अर्जाच्या नवव्या पानावर, खर्चाच्या तक्त्यात,
ओळ चौदा : तंत्रज्ञ, अर्धवेळ, तीन वर्षं.
ती मी.
माझ्या वरच्या ओळीत बर्फाच्या पेट्या,
खालच्या ओळीत काचपट्ट्या, दहा हजार.

तुर्कूत नोव्हेंबरात चारच्या आत अंधारतं.
इर्मेली साविओला तोच अर्ज तिसऱ्यांदा लिहिते आहे.
पहिल्या वर्षी समिती म्हणाली, विषय फार अरुंद.
दुसऱ्या वर्षी म्हणाली, फार पसरट.
नेमकी रुंदी किती, ते कुणी सांगितलं नाही.
गोड बोलून तोंडाला पानं पुसली, एवढंच.

पेटी येते ती रात्री.
कुणाची, ते आम्हाला सांगत नाहीत.
एक क्रमांक असतो, आणि वय : एकोणीस.
आणि आजाराची वर्षं : आठ.
वीतभर स्वादुपिंड,
फिकट, ओलं, हातात धरावं तर निसटणारं.
जन्मभर पोटामागे अंग चोरून बसलेलं
आता माझ्या पात्याखाली येतं
आणि मी त्याचे केसाहून पातळ काप काढते.

भिंगाखाली बेटं दिसतात.
शास्त्रातही त्यांना बेटंच म्हणतात,
आणि मी बेटावरचीच, कोर्पोच्या पलीकडची,
त्यामुळे मला नकाशा वाचायला वेळ लागत नाही.
इन्सुलिनच्या पेशी लाल. या मुलाच्या विझल्यात,
ते अपेक्षितच होतं.
साखर खाली गेली की ती वर ओढणाऱ्या पेशी निळ्या.
त्या आहेत. भरलेल्या, जाग्या, तयारीत.
पण हिरवा धागा,
त्यांना हाक पोचवणारा मज्जातंतू,
बेटाच्या काठापर्यंत येतो
आणि पुढे नाही.

तो का तुटतो? कधी तुटतो? पुन्हा जोडता येईल का?
अर्ज एवढाच आहे. बाकीची अकरा पानं हिशेब.

पान चार. रकाना : समाजाला उपयोग, दोनशे शब्दांत.
इर्मेली लिहिते, खोडते, लिहिते :
रक्तातली साखर घसरल्याची चाहूल ज्यांना लागत नाही अशा रुग्णांना...
मी तिच्या कपात कॉफी ओतते.

यॉस्ता टपालाची होडी चालवायचा.
लहानपणी साखर उतरली की त्याला दरदरून घाम फुटायचा,
ओठ कापायचे, तो उगाच चिडायचा आमच्यावर,
आणि आई साखरेचा खडा त्याच्या गालात कोंबायची.
पुढे घाम येईनासा झाला.
कापरंही.
आम्हाला वाटलं, बरा होतोय.
आईने तसं शेजारी सांगितलंसुद्धा.

ऑक्टोबरात होडी सापडली,
एका उघड्या खडकाला नाक टेकून,
इंजिन चालू, पत्रं कोरडी.
खिशात साखरेचे सहा खडे,
कागदात, न उघडलेले.

दोनशे शब्दांत बसतं हे.
मी एकदा घरी मोजून पाहिलं. शब्द उरतात.
पण इर्मेलीला दिलं नाही.
तिने वापरलं असतं, आणि तिचं बरोबरच असतं,
म्हणूनच नाही दिलं.

मेमध्ये पत्र आलं. मंजूर.
मंजूर, पण समितीने कात्री लावलेली :
पेट्या तेवढ्याच, काचपट्ट्या सहा हजार,
ओळ चौदा, चौदा महिने.
इर्मेलीने आकडा मोठ्याने वाचला
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
मग दालचिनीचा पाव आणला, गरम.
मी दोन तुकडे खाल्ले. चांगला होता.

आज रात्रीची पेटी : वय बावन्न, आजार नाही.
हे लागतंच. निरोगी कसं असतं
ते माहीत असल्याशिवाय तुटलेलं ओळखायचं कसं?
काप पहिला, दुसरा, सातवा.
हिरवा धागा काठाशी येतो,
थबकतो,
आत शिरतो.
निळ्या पेशीपाशी जाऊन
तिच्या अंगाला अगदी लागून राहतो.

मी काचपट्टीवर पेन्सिलने बारीक खूण करते
आणि आठवा काप घेते.