सही जुळत नाही

ब्लाइथच्या बंदरावरून वारा थेट घरात शिरतो,
दार वाजवायची त्याला सवय नाही.
आम्ही वाजवतो.
मी आणि नोरीन हेपल,
दोघींच्या वयाची बेरीज एकशे एकोणपन्नास,
एक पॅड, दोन पेनं,
त्यातलं एक थंडीने बसलेलं;
ते नोरीन काखेत धरून चालते
तापमापक धरावा तसं.

बारा नंबर.
क्लिफर्ड स्टोबर्ट दार उघडतो,
अंगात ओव्हरकोट, डोक्यावर कानटोपी.
"बाहेर निघालात?"
"छे, टीव्ही बघतोय."
रेडिएटरवर जिरॅनियमची कुंडी आहे,
मेलेली नाही, पण तिचंही काही खरं नाही.
आणि पैसे मोजणारा तो छोटा पडदा
त्याने भिंतीकडे तोंड करून उभा केलाय,
वर्गातल्या वांड पोरासारखा.

सरकारने उत्पन्नाला एक उंबरठा घातलाय.
अलीकडे असाल तर हिवाळ्याची मदत.
पलीकडे असाल तर
पलीकडेच राहा.
क्लिफर्ड आठवड्याला चार पौंडांनी पलीकडे.
एल्सीच्या माघारी तिच्या पेन्शनचा तुकडा त्याला मिळतो, त्यामुळे.
"जाता जाता श्रीमंत करून गेली मला," म्हणतो,
हातमोजा दाताने ओढून काढतो,
बोटांवर फुंकर घालतो, सही करतो.

असे तीन हजार दोनशे बारा.
पेटी भरून पाठवले, पोचपावती घेतली,
नोरीनने त्या दिवशी लिपस्टिक लावली होती.

सहा आठवड्यांनी पत्र.
चारशे सतरा सह्या बाद.
कारण: अस्पष्ट. सही जुळत नाही.

नोरीन पोस्टातच हसली, इतक्या जोरात
की काउंटरवरच्या मुलीने मान वर केली.
"अगं, जुळेल कशी?
सही केली होती जूनमध्ये, बँकेत,
ही केलीय जानेवारीत, स्वतःच्या घरात."

बाद झालेली पानं मी घरी नेली.
पांघरूण गुडघ्यांवर घेऊन एकेक नाव लावत बसले.
काही सह्या मध्येच थांबलेल्या,
काही ओळ सोडून खाली उतरलेल्या,
एकीत नुसतं पहिलं अक्षर आणि मग एक लांब रेघ
खिडकीच्या फटीकडे निघाल्यासारखी.
दोनशे सहावी:
ओल्या वाळूत सीगल चालून जावा तशी.
पत्ता वाचला.
पुन्हा वाचला.

तीन हिवाळे आम्ही बरोबर फिरतोय.
सगळ्या गल्लीची दारं वाजवली,
तिचं नाही.
कोपऱ्यावर हात हलवून ती म्हणते, "जाते गं,"
आणि मी कधी विचारलं नाही
कसल्या घरात जाते.

दुसऱ्या दिवशी मी गरम पाण्याची पिशवी आणली,
लोकरीच्या जांभळ्या गवसणीत.
"हात शेकायचे, मग सही,"
हा नियम मी तिथल्या तिथे केला.
"आणि पेन आधी तू धरणार. सुरुवात तुझ्यापासून."
नोरीनने माझ्याकडे पाहिलं.
काही म्हणाली नाही.
पिशवी घेतली, कोटाच्या आत घातली,
वरून बटणं लावली.

सह्यांचं काम त्या दिवशी रखडलंच.
ज्याच्या हातात पिशवी दिली तो ती सोडीना.
क्लिफर्डने चांगला अर्धा तास मांडीवर ठेवली,
एल्सीला सूप कसं आवडायचं ते सांगितलं,
आणि मग पगाराच्या रजिस्टरावर करायचा तशी
पूर्ण नावाची सही केली,
खाली रेघ, रेघेवर दोन टिंबं.
दिवसभरात अकरा.
उरले चारशे सहा.

परतताना समुद्रात पवनचक्क्या फिरत होत्या,
वीज कुठेतरी जात होती.
कोपरा आला. नोरीनने हात हलवला नाही.
म्हणाली, "पाणी गार झालंय.
किटली आहे माझ्याकडे.
बाकी विशेष काही नाही."

कोट काढू नकोस, असं तिने दारातच सांगितलं.