ओल वजा जाता

वास्कोला सड्यावर, बंदराच्या आरोग्य कार्यालयात
माझ्या आधी रांगेत अकरा खलाशी होते.
सुई टोचणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठली बोट?
मी म्हटलं, बोट नाही, विमान. अंगोला. सहा आठवड्यांचं शिबिर.
नर्सिंगचं तिसरं वर्ष.
त्यांनी पिवळ्या कार्डावर शिक्का मारला, म्हणाल्या,
दंड दुखेल दोन दिवस. तुला ठाऊकच असेल.
ठाऊक होतं.
दुसऱ्यांच्या दंडांचं.

अर्जात एक रकाना होता, तुम्हाला का जायचं आहे?
मी लिहिलं, सेवेची आवड.
खरं तर बांबोळीच्या वॉर्डात एका रात्री
ओडिशाचा एक कामगार
मला काहीतरी चारदा सांगत राहिला
आणि मी चारदा त्याचा रक्तदाब पाहिला.
सकाळी खाट रिकामी होती.
एवढं त्या रकान्यात मावलं नसतं.
तीनच ओळी होत्या.

संध्याकाळी आगुस्तीन मास्तरांकडे जाते.
वाळपईत पोर्तुगीज बोलणारे आता ते एकटे,
म्हणजे बोलत नाहीतच.
दात वाटीत काढून ठेवलेले, त्यामुळे उच्चार जरा ओले येतात.
पहिल्या दिवशी म्हणाले, घाबरतेस कशाला,
अर्धी भाषा तुझ्या न्हाणीतच आहे.
साबण त्यांचा, बालदी त्यांची,
तुझ्या वेणीची फीत, कपाटाची चावी,
आणि तुझा बाप कदंबात ज्याची महिनाभर वाट बघतो
तो पगारसुद्धा.

पाणी म्हणजे आग्वा.
आग्वादचा किल्ला पाहिलायस ना, तिथे जहाजं पाणी भरायची.
पाहिलाय, शाळेच्या सहलीत. पाणी दिसलं नव्हतं.
दुखणं म्हणजे दोर.
हा शब्द लगेच बसला, का कोण जाणे.
कुठे दुखतं, ओंद दॉय.
घरी येऊन मी आईला विचारते, ओंद दॉय?
ती गुडघा दाखवते.
रोज तोच गुडघा. तिचंही पाठ झालंय आता.

काल म्हटलं, क्षमा करा, हे कसं म्हणायचं?
मास्तर उठले, जनेल लावून आले.
हा शब्द मी सगळ्यांत आधी शिकलो, म्हणाले,
सात वर्षांचा होतो. जाड्या मिठावर गुडघे टेकून.
वर्गात कोकणीतून पाणी मागितलं होतं.
मग बराच वेळ बशीतला बिस्किटाचा चुरा
बोटाने एका जागी आणत बसले.
तिथल्या म्हाताऱ्यांनाही असाच शिकवला असणार.
तेव्हा हळू बोल.
आणि आधी विचार, तुमच्या घरात पाण्याला काय म्हणता?
मी म्हटलं, ते मला कोण शिकवणार?
म्हणाले, तेच.

वहीची मागची चार पानं मी कोरी सोडली आहेत.

आज बॅग भरली. तेवीस किलोच्या वर चालत नाही.
हातमोज्यांचे खोके, मलेरियाच्या गोळ्या, बंद बूट,
आईची सोलं, पेजेचे उकडे तांदूळ,
बाबांची कंडक्टरची जुनी शिटी, रानात लागेल म्हणून.
रान नाही हो बाबा, शहर आहे.
तरी ठेवली.
घरात काटा नाही. स्कूटरवर पुढे बॅग, मागे मी,
सोसायटीच्या काजूच्या वखारीत गेलो.
म्हाळूने ती गोणीसारखीच काट्यावर टाकली,
कानामागची पेन्सिल काढली.
तेवीस किलो आठशे.
बाबा गप्प. मी तांदूळ काढायला चेन ओढली.

म्हाळूने बॅगेच्या कापडावर तळहात फिरवला,
हंगामभर बियांवर फिरवतो तसा,
माझ्याकडे बघितलं नाही,
आणि सवयीने पुटपुटत पावतीवर लिहिलं,
गावस. तेवीस.
ओल वजा जाता.