बदली तास

भालघरे सर रजेवर, म्हणून सातवी ब माझ्याकडे.
मी मराठीची, तास गणिताचा. खडू त्यांचाच, अर्धा.
फळ्यावर सरासरीचं उदाहरण राहिलेलं:
पाच दिवसांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये.
शून्य, शून्य, दोन, शून्य, एकशे अठ्ठावीस.

उत्तर सव्वीस. सगळ्यांचं बरोबर आलं.
सिद्राम हात वर न करताच म्हणाला,
बाई, सव्वीस तर कुठल्याच दिवशी पडला नाही.

त्याचं घर दांडेकर पुलाजवळ, ओढ्याच्या कडेला.
आत भिंतीवर पाण्याची रेघ आहे, त्याच्या कानाएवढी,
ती त्यानं पट्टीनं मोजलीय.
सरासरीत कुणी भिजत नाही, बाई.

मी ते वहीत लिहून घेतलं.
कुठल्या विषयाच्या, ते कळेना.

मधल्या सुट्टीत परिपत्रक फिरलं:
हवामान बदल सर्व विषयांतून शिकवावा. सही करा.
भूगोलाच्या बाई म्हणाल्या, आमच्यात आहेच, दोन गुणांना.
इतिहासाला कात्रजच्या तलावाचं जुनं नळ आठवलं,
पण पोर्शन मागं, शनिवारी बघू.
चित्रकलेनं विचारलं, पोस्टर का?
खेळाचे लांडगे सर डबा झाकत म्हणाले,
मी मैदानाचा तास साडेअकराचा सव्वासातला नेला,
झाले की तीन उन्हाळे.
पोरं चक्कर येऊन पडायला लागली होती.
मला नव्हतं कुणी परिपत्रक दिलं.

कुणी हसलं. मीही, थोडी.
मग सही केली.

दुपारी माझाच तास. रीती भूतकाळ.
मी जात असे, तू जात असस, ते जात असत.
पूर्वी नेहमी घडायचं, आता घडत नाही, असं काही सांगायचं असेल
तर हा काळ वापरतात, मी म्हटलं, एक एक वाक्य करा.
पुस्तकात वाक्य आहे आजोबांचं. आजोबा पहाटे उठत असत.
मला वाटलं, सगळे तेच उतरवतील.

रेहानानं लिहिलं:
आम्ही मार्चमध्ये पत्र्याखाली झोपत असू.

बारा वर्षांची आहे.
वीस वर्षं मी हा काळ शिकवतेय,
तो म्हाताऱ्यांचा, असं धरून चाललेली.
कर्ता, क्रियापद, सगळं बिनचूक होतं.
लाल पेन तसंच धरून राहिले, मग बरोबरची खूण केली.
दुसरं काय करणार होते.

भालघरे सर दुसऱ्या दिवशी आले.
फळ्यावरच्या सव्वीसखाली सिद्रामचं वाक्य, माझ्या अक्षरात.
वाटलं, पुसतील.
त्यांनी मीटरपट्टी मागवली.
एका मिलिमीटरला एक सेंटिमीटर धरून
पाच दिवस शेजारीशेजारी उभे केले, फळ्याच्या वरच्या काठापासून खाली.
तीन दिवस नुसतेच ठिपके. एक नखाएवढा.
पाचव्याला फळा पुरला नाही,
तो चौकट ओलांडून भिंतीवर उतरला.

शाळा सुटल्यावर शेवंताबाई ओलं फडकं घेऊन आल्या.
रेघेपाशी उभ्या राहिल्या, खांद्याशी हात लावून अंदाज घेतला.
आमच्याकडं याच्याहून वर होतं, म्हणाल्या,
आणि फडकं तसंच पिळून
पुढच्या वर्गात गेल्या.