वरची बाजू

मुस्तकीमनं ड्रिल भिंतीला टेकवलं
आणि मान वळवून विचारलं,
“मॅडम, वरची बाजू कुठली?”

आम्ही तिघांनी एकदम चित्राकडे पाहिलं.
दौत कलंडावी तसं पसरलेलं निळं.
मोहरीच्या रंगाचा एक पट्टा,
कडेपर्यंत जाता जाता विचार बदललेला.
एक काळी रेघ. आणि कोपऱ्याजवळ
विटेच्या रंगाचा ठिपका, बोराएवढा.
मागे नुसता बारकोड, सही नाही.
शेवटी खोक्यावरच्या बाणाचं ऐकलं.
तो बाण खोक्याचा होता, चित्राचा नव्हे,
हे कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं,
पण मुस्तकीमला अजून दोन फ्लॅट उरकायचे होते.

ठिपका खाली आला.

मुलुंडच्या या अकराव्या मजल्यावर
भिंत इतकी कोरी होती
की आपलंच बोलणं परत ऐकू यायचं.
म्हणून घेतलं, सोफ्याच्या मापानं, चाळीस टक्के सवलतीत.
सासूबाई म्हणाल्या, “काहीतरी सांडलंय.”
प्लंबरनं आधी छताकडे पाहिलं.
ओवी म्हणाली, चेंडू जिन्यावरून गडगडत आलाय.
मला काहीच दिसलं नाही.
दर रविवारी धूळ पुसायची;
पुसताना काचेत बाहेरची क्रेन दिसे
आणि माझं कोपर.

मग जानेवारीत फिलोमिना डाबरेचा नवरा गेला.
बोरिवली, आय.सी. कॉलनी, तळमजला.
सतरा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून
आम्ही लोकांचे विम्याचे दावे तपासले,
आणि तिच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते.
वेदीवर लाल दिवा. भाड्याच्या खुर्च्या.
पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली.
समोरच्या भिंतीवर
माझं चित्र.
तीच चौकट, तीच मोहरी.
फक्त ठिपका वर.

बिस्किट हातातच राहिलं.
“आधी ते असं नव्हतं,” फिलोमिना म्हणाली.
“ग्रेगरी शेवटचे तीन महिने इथेच पडून.
एका दुपारी म्हणतो, फिलू, ते उलटं कर.
कशाला रे? तर म्हणे,
सारखं पडतंय ते. मला झेलता येत नाही.
स्टुलावर चढून मीच फिरवलं.
हुक राहिला खाली, वर सुतळी बांधली.
माझ्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे.
पण त्या रात्री झोपला गं तो.”

माझ्याकडेही हेच आहे,
हे ओठांपर्यंत आलं होतं.
कुठला दावा दाखल करायचा नसतो
एवढं सतरा वर्षांत कळतं.

रात्री झोप येईना.
दिवाणखान्यात भिंतीकडे डोकं करून
फरशीवर उताणी पडले, मान मागे टाकली.
समोरच्या टॉवरचा अर्धवट उजेड.
ठिपका वर गेला.
निळं त्याच्याखाली पाणी भरलेल्या हंड्यासारखं
जड, जागच्या जागी.
थोडा वेळ काहीच पडत नव्हतं.

सासूबाई पाण्याला उठल्या, दिवा लावला,
मला पाहून दारातच थबकल्या.
“अगं, काय सांडलं?”

“काही नाही,” म्हटलं.
“या. जपून टाका पाय.”